गोंदणाचा ठिपका

समीक्षा करायची ती कवितेची, कादंबरीची, फार तर एखाद्या नाटकाची, असा आपल्याकडे एक समज आहे. दिवाळी अंकाच्या पानांवर तर तो अधिकच दृढ दिसतो. मी मात्र आज ज्या कृतीविषयी लिहायला बसलो आहे, ती एका पोस्टकार्डाएवढ्या कागदावर मावते. तिचा कर्ता निम्मा मी आणि निम्मे एक यंत्र. तिच्या तीन आवृत्त्या निघाल्या, पहिल्या दोन फसल्या, आणि त्या का फसल्या याचा विचार करताना मला काही कळले, ते फोटो छापण्यापुरतेच नाही असे वाटते.

घरी फोटो छापण्याचा प्रिंटर आला तो गणपती उठल्यानंतरच्या आठवड्यात. आणण्याचे कारण आमच्या बैठकीच्या भिंतीवर टांगलेले होते. आई गेल्यावर आम्ही एका स्टुडिओतून तिचा फोटो मोठा करून आणला होता. मागे तांबडा पडदा, मानेभोवती धुक्यासारखी पांढरी कड, आणि चेहरा गोरापान. आमची आई सावळी होती. नुसती गव्हाळ नव्हे, चांगली उन्हात रापलेली सावळी. आणि तिच्या हनुवटीवर लहानपणी गोंदलेला एक हिरवट ठिपका होता. स्टुडिओवाल्याने तो डाग समजून पुसून टाकला. आलेगेले पाहुणे त्या फोटोला हात जोडत, आम्हीही जोडत होतो. पण माझी थोरली बहीण हार घालताना त्याच्याकडे नीट पाहत नसे. ती काही बोलत नसे, एवढेच.

माझ्याजवळ आईचा एक फोटो होता. 2011 सालच्या दिवाळीतला, मीच काढलेला. परसदाराच्या उंबऱ्यात ती पणत्यांचे तबक घेऊन उभी आहे. अंगावर हिरवे नऊवारी, डाव्या अंगाला सकाळचा उजेड. हाच फोटो आपण घरी छापावा आणि भिंतीवरचा उतरवावा, असे ठरले.

नवे यंत्र लगेच फोटो छापत नाही. आधी ते आपली परीक्षा देते. शाई ज्या बारीक छिद्रांतून कागदावर उडते, ती सगळी मोकळी आहेत की नाहीत हे पाहण्यासाठी रंगीत रेघांची एक जाळी छापावी लागते. रेघ जिथे तुटते तिथले छिद्र बंद. आमच्या जाळीत मॅजेंटा रंगाच्या दोन पायऱ्या गळाल्या होत्या. हा रंग गळाला तर त्वचेतली लाली जाते आणि माणूस कावीळ झाल्यासारखा दिसतो. यंत्राकडूनच ती छिद्रे साफ करून घेतली, पुन्हा जाळी छापली, रेघा अखंड आल्या. मग मी आईचा फोटो निवडला आणि बाकी सारे यंत्रावर सोपवून बटण दाबले.

पहिली प्रत बाहेर आली तेव्हा घरात आनंदीआनंद झाला. चकचकीत कागद, पणत्यांची ज्योत झळझळीत, नऊवारीचा हिरवा रंग जणू आत्ताच रंगवलेला. मुलांनी टाळ्या वाजवल्या. शेजारच्या काकूंनी “अगदी दुकानातल्यासारखा!” असे प्रशस्तिपत्र दिले. ताईने प्रत हातात घेतली, खिडकीशी नेली आणि विचारले, “ही कोण रे?”

आई पुन्हा गोरी झाली होती! स्टुडिओवाल्याइतकी नव्हे, पण दोन-तीन छटांनी नक्कीच. हनुवटीवरचा ठिपका पुसट होऊन सावलीत विरला होता. यंत्रात फोटो आपोआप सुधारण्याची सोय असते. ती चालूच राहिली होती. ती फोटोतला चेहरा हुडकते, तो अंधारा आहे असे ठरवते आणि उजळते. तिच्या लेखी सावळा चेहरा म्हणजे कमी उजेडात निघालेला चेहरा.

या प्रतीवर माझा पहिला आक्षेप असा की ती कुशल आहे आणि तरी खोटी आहे. अशा कृती साहित्यातही आपण पाहतो. भाषा घोटीव, उपमा चमकदार, आणि पात्र मात्र कुणाच्याच घरचे नाही. लेखकाने माणूस पाहिलेलाच नसतो. “चांगले पात्र” कसे असते याची एक ठरीव कल्पना त्याच्या डोक्यात असते आणि तीच तो प्रत्येकावर चढवतो. यंत्राचेही तेच झाले.

ही ठरीव कल्पना येते कोठून? तिला इतिहास आहे. विसाव्या शतकाच्या मध्यापासून पुढची काही दशके कोडॅक कंपनी रंगीत फोटो धुणाऱ्या प्रयोगशाळांना नमुन्याची कार्डे पाठवीत असे. त्यांवर एका गोऱ्या तरुणीचे चित्र असे आणि या कार्डांना ‘शर्ली’ असे नाव पडले होते. तिचा वर्ण बरोबर आला की यंत्राचे रंग बरोबर लागले, असे मानायचे. बाकीच्या जगाने आपापले चेहरे त्या मापात बसवून घ्यायचे. लॉर्ना रॉथ या कॅनडातील अभ्यासिकेने 2009 साली या कार्डांवर एक निबंध प्रसिद्ध केला. त्यात एक गोष्ट वाचून मला हसावे की रडावे ते कळेना. फिल्ममध्ये तपकिरी छटा नीट उमटत नाहीत ही तक्रार कंपनीने मनावर घेतली, त्यात चॉकलेट बनवणाऱ्यांचा आणि लाकडी सामान विकणाऱ्यांचा मोठा वाटा होता. मेजांना आणि मिठाईला न्याय मिळाला आणि त्यांच्या आडोशाने सावळ्या माणसांना. निरनिराळ्या वर्णांच्या स्त्रिया एकत्र दाखवणारे कार्ड 1990च्या दशकात आले.

पण सगळा दोष परदेशी कंपनीच्या माथी मारून आपण मोकळे होऊ नये. भिंतीवरचा चेहरा कसा असावा, याचे शिक्षण आपण आपल्याच भिंतींवरून घेतले आहे. 1894 साली राजा रविवर्म्याने मुंबईत छापखाना काढला. पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. तिथल्या तसबिरी घरोघरच्या देवघरांत पोचल्या. ज्यांना तैलचित्र कधी दिसले नसते त्यांना चित्र दिसले, हे त्या छापखान्याचे ऋण मी मानतो. तेव्हा प्रत्येक रंगासाठी वेगळा दगड लागे. तैलचित्र पाहून जर्मन कारागीर एकेका रंगाचा भाग एकेका दगडावर उतरवीत आणि मग एकाच कागदावर एकापाठोपाठ एक ठसे पडत. म्हणजे तसबीर हे चित्राचे भाषांतर होते. भाषांतरात जे हरवते ते तिथेही हरवले; तैलचित्रातल्या त्वचेची खोली जाऊन तसबिरीत पुष्कळदा सपाट गुलाबी झाक उरली. त्या तसबिरींतल्या लक्ष्मी-सरस्वती गोऱ्यापान. पुढे त्यांच्याच शेजारी आपण वडीलधाऱ्यांचे फोटो लावू लागलो, आणि देवीशेजारी टांगलेली आजीही उजळ असावी, हे आपल्याला न सांगता पटले. आमच्या स्टुडिओवाल्याने आईला गोरे केले ते तिचा मान राखण्यासाठीच. हे मला कळते, आणि म्हणूनच ते अधिक बोचते.

असो. मी यंत्राची सगळी सुधारणा बंद केली. आता फोटो जसा आहे तसा छापला जाईल, आणि जसे आहे तसे म्हणजेच सत्य, असा माझा भाबडा तर्क होता. दुसरी प्रत आली. आईचा चेहरा शाईत बुडाला होता. गालाची गोलाई नाही, डोळ्यांखालच्या सुरकुत्या नाहीत. ठिपका शोधायला गेलो तर अख्खी हनुवटीच एक ठिपका झालेली. ताई म्हणाली, “मघाशी दुसऱ्याच बाईला आणलंस. आता आईला आणलंस, पण अंधारात उभी केलीस.”

हे का झाले याचा उलगडा सोपा आहे. पडदा स्वतः प्रकाश फेकतो. कागदाला स्वतःचा प्रकाश नसतो, पडलेला उजेड तो परत करतो, एवढेच. माझ्या संगणकाचा पडदा अतोनात उजळ ठेवलेला होता आणि त्या उजेडात मला आईचा चेहरा पुरेसा स्पष्ट वाटत होता. शिवाय कागद मी साधा, बिनचमकीचा घातला होता. चकचकीत कागदावर जितका गडद काळा उतरतो तितका त्यावर उतरत नाही. त्यामुळे गडद छटांना एकमेकींपासून वेगळे राहायला जागाच कमी, आणि सावळ्या चेहऱ्याचे सारे सौंदर्य तर त्या छटांतच असते.

ही दुसरी प्रत मला पहिलीपेक्षा अधिक शिकवून गेली. हस्तक्षेप न करणे म्हणजे प्रामाणिकपणा, असे मानणारा एक पक्ष कलेत नेहमीच असतो. वास्तव जसेच्या तसे मांडा, लेखकाने मध्ये येऊ नये, असे तो म्हणतो. पण “जसेच्या तसे” ही वस्तू कागदावर कधी उतरतच नाही. कागद, शाई, उजेड हे सगळे मध्ये येतातच. लेखक तेवढा बाजूला राहिला तर त्यांना मोकळे रान मिळते, इतकेच.

अॅन्सेल अॅडम्स या अमेरिकन छायाचित्रकाराला हे पुरते उमगले होते. तो तरुणपणी पियानो शिकला होता आणि निगेटिव्हला संगीताच्या लिखित स्वरलिपीची व प्रतीला प्रत्यक्ष वादनाची उपमा देत असे. आपण बंदिश आणि मैफल म्हणू. न्यू मेक्सिकोतल्या हर्नांडेझ गावावरचा चंद्रोदय त्याने 1941 साली टिपला. खाली थडग्यांचे पांढरे क्रूस, वर चंद्र. त्या एका निगेटिव्हच्या प्रती तो पुढे अनेक वर्षे काढत राहिला. सुरुवातीच्या प्रतींत आकाश करडे आहे, त्यात विरळ ढग दिसतात. नंतरच्या प्रतींत ते जवळजवळ काळे होते आणि चंद्र एकटा पडतो. बंदिश तीच, पण गवई वयाने वाढलेला. त्याला कुणी खोटे म्हणत नाही. मग स्टुडिओवाल्याला मी खोटे का म्हणावे? फरक माझ्या मते असा: अॅडम्सने पुन्हा पुन्हा त्या चित्राकडेच पाहिले आणि त्यातूनच आकाश गडद केले, स्टुडिओवाल्याने आणि माझ्या यंत्राने आईकडे पाहिलेच नाही. बदल करण्याचा अधिकार ज्याने पाहिले आहे त्याचा.

तेव्हा तिसऱ्या प्रतीसाठी मी पाहण्यापासून सुरुवात केली. पडद्याचा उजेड कमी केला, इतका की शेजारी ठेवलेला कोरा कागद आणि पडद्यावरचे पांढरे पान डोळ्यांना सारखे वाटावे. चकचकीत कागद घेतला आणि त्या कागदासाठी रंगांचे जे कोष्टक मिळते, ते लावले. ते संगणकानेच लावायचे आणि प्रिंटरला गप्प बसवायचे, हेही शिकलो. दोघांनीही रंग दुरुस्त केले तर दोन सुगरणींनी एकाच आमटीत मीठ घातल्यासारखे होते. मग अख्खा फोटो न छापता एका कागदावर नुसता आईचा चेहरा आठ वेळा छापला, दर वेळी किंचित अधिक उजळ. अंधाऱ्या खोलीत फोटो धुणारे जुने लोक अशीच चाचणीची पट्टी काढत. कागद वाया जात नाही, आणि मुख्य म्हणजे तुलना करता येते. समीक्षेचे पहिले हत्यार तुलनाच नव्हे काय?

संध्याकाळी दिव्याखाली मला पाचवा चेहरा पटला. पण शाई वाळताना रंग थोडे बसतात, म्हणून रात्रभर कागद तसाच ठेवला. सकाळी खिडकीच्या उजेडात पाहतो तो पाचवा फिका वाटला. चौथाच बरोबर होता. दिव्याचा उजेड आणि दिवसाचा उजेड एकाच शाईतून वेगवेगळे रंग काढतात. फोटो बैठकीत दिवसाच्या उजेडात लागायचा होता, तेव्हा निवाडा दिवसानेच द्यायचा. मी मात्र ताईला काही सांगितले नाही. आठ चेहऱ्यांची पट्टी तिच्यापुढे ठेवली आणि आई कुठली ते विचारले.

तिने चष्मा लावला. वर्णाकडे ती बहुधा पाहतच नव्हती. एकेका चेहऱ्याच्या हनुवटीवर बोट ठेवीत ती पुढे सरकत गेली आणि चौथ्यावर थांबली. “ही. इथे गोंदण हिरवं दिसतंय. बाकीच्यांत एक तर काळं आहे, नाही तर नाहीच.”

माझी सारी कोष्टके त्या एका वाक्यापुढे फिकी पडली. कंपनीने जगाला मापासाठी एक अनोळखी तरुणी दिली होती. ताईने आईच्या अंगावरचीच खूण मापाला घेतली. ठिपका हिरवा दिसायचा तर भोवतालची त्वचा नेमकी तेवढीच सावळी हवी. एक छटा इकडे नाही की तिकडे नाही. कृतीची कसोटी बाहेरून आणायची नसते, ती कृतीतच कुठेतरी गोंदलेली असते. ती शोधून काढणे एवढेच समीक्षकाचे काम, आणि ते करायला त्या माणसाशी थोडी ओळख असावी लागते.

चौथ्या चेहऱ्याच्या मापाने मोठी प्रत काढली. निर्दोष नाही ती. तबकातल्या एका ज्योतीत तपशील उरलेला नाही, नुसता पांढरा कागद आहे, आणि नऊवारीचा हिरवा पहिल्या प्रतीइतका खुललेला नाही. मुलांना अजूनही ती पहिलीच आवडते, आणि त्यांच्या आवडीचा मला राग नाही. भिंतीवरचा जुना फोटो आम्ही वसुबारसेला उतरवला. फेकवला नाही, कापडात गुंडाळून माळ्यावर ठेवला, कारण इतकी वर्षे हात जोडले ते त्यालाच.

नव्या फोटोला ताईने हार घातला. घालून झाल्यावर फुले चेहऱ्यावर येत होती म्हणून तो थोडा खाली सरकवला आणि मग बराच वेळ ती तिथेच उभी राहिली.