रुग्ण नसलेले डॉक्टर

दिवाळीच्या फराळाबरोबर डॉक्टरांचा विषय काढणे काहींना रुचणार नाही. चकली तोंडात असताना वैद्य आठवू नये, हे खरेच. परंतु विज्ञानकथांतील डॉक्टर कोणाला पथ्य सांगत नाहीत की औषध देत नाहीत. माझी तक्रार नेमकी तीच आहे.

एच. जी. वेल्स याची डॉक्टर मोरोच्या बेटावरील कादंबरी १८९६ साली आली. मोरोच्या प्रयोगशाळेतून कातडी सोललेला एक कुत्रा बाहेर पळतो, लंडनभर छी-थू होते, आणि पॅसिफिक महासागरातील एका बेटावर हा गृहस्थ जनावरे कापून-जोडून माणसे घडवीत बसतो. त्याला 'वेडा डॉक्टर' म्हणण्याची प्रथा आहे. मला ती मान्य नाही. वेडा म्हटले की आपली सुटका होते. मोरो पुरता शुद्धीवर आहे. वेदना ही किती क्षुल्लक बाब आहे हे पटविण्यासाठी तो खिशातला चाकू काढून स्वतःच्या मांडीत खुपसतो. पण जागा मात्र आधी नीट पाहून निवडतो! ज्या प्यूमावर त्याचे काम चालू असते, त्या बिचाऱ्या जनावराला जागा निवडण्याची सवलत नसते. त्याचे ओरडणे बेटभर ऐकू येते. एडिंबरोच्या सिम्प्सनने क्लोरोफॉर्म वापरात आणून तोवर जवळजवळ पन्नास वर्षे लोटली होती. वेल्स हक्स्लेच्या हाताखाली जीवशास्त्र शिकलेला. सुरी कशी चालते हे त्याला ठाऊक होते. 'कुठे दुखते?' असे विचारणारा माणूस मात्र त्याने त्या बेटावर ठेवलाच नाही, आणि कादंबरीची सारी भीती त्या उणिवेतच आहे असे मला वाटते.

तो प्रश्न विचारणारा डॉक्टर बेलफास्टच्या जेम्स व्हाइटने रंगविला. त्याच्या 'हॉस्पिटल स्टेशन' या १९६२ च्या पुस्तकातले इस्पितळ अंतराळात आहे. तिथे परग्रहावरचा रुग्ण आला की तो श्वासाला काय घेतो इथपासून चौकशी, आणि डॉक्टर कॉन्वे त्या जातीच्या वैद्याच्या स्मृती आपल्या डोक्यात भरून घेऊन मगच उपचाराला लागतो. कल्पना अतिशय सुंदर! लेखनात व्हाइट वेल्सच्या पासंगालाही पुरत नाही, आणि कॉन्वे इतका भला आहे की त्याच्या हातातल्या सुरीचे भय म्हणून वाटत नाही. अशा डॉक्टरावर माझा विश्वास बसावयास वेळ लागतो.

म्हणून मी पुन्हापुन्हा मिखाईल बुल्गाकोव्हकडे वळतो. तो स्वतः डॉक्टर. खेड्यातल्या दवाखान्यात राबलेला. 'कुत्र्याचे काळीज' त्याने १९२५ साली लिहिले, पण सोव्हिएत रशियात ते छापून यावयास १९८७ साल उजाडले. मॉस्कोतले प्रोफेसर प्रेओब्राझेन्स्की खुशालचेंडू श्रीमंतांना तारुण्य परत मिळवून देतात. शारिक नावाच्या भटक्या कुत्र्याला ते सॉसेज दाखवून घरी आणतात आणि प्रथम त्याची पोळलेली कूस बरी करतात. इथवर कुत्रा रुग्ण असतो. मग त्याच टेबलावर मेलेल्या माणसाच्या ग्रंथी त्याला बसविल्या जातात. अपेक्षा तारुण्याची, उभा राहतो तो एक शिवराळ, दारुडा माणूस! मदतनीस बोर्मेन्ताल रोज वजन, ताप, नाडी टिपून ठेवतो, आणि त्या नेटक्या टिपणांत पुढेपुढे शाईचे डाग पडू लागतात. हा तपशील सुचण्यास रुग्णांचे कागद स्वतःच्या हाताने भरलेले असावे लागतात. मोरोला कधी शाईचा डाग पडला नसता.

प्रोफेसरांना आपली चूक कळते, ते तसे बोलून दाखवितात, आणि अखेर उलटी शस्त्रक्रिया करून शारिकला पुन्हा कुत्रा करतात. वाचक निःश्वास टाकतो. शेवटच्या पानावर शारिक गालिच्यावर उबेला पडला आहे. डोके जरा दुखते आहे, पण आपण किती भाग्यवान असेच त्याला वाटते आहे. समोर प्रोफेसर हातमोजे घालून बरणीतून एक मेंदू बाहेर काढीत आहेत.