आणि त्या मुलीचं काय झालं?

मागच्या गणपतीत घरी टीव्हीवर ‘शूटआउट अ‍ॅट वडाळा’ लागला होता. आई बाजूला बसून बिरड्याचे वाल सोलत होती. शेवटी मन्या सुर्वे गोळ्या खाऊन पडला तेव्हा तिने ताटातून मान वर न करता विचारलं, “आणि त्या मुलीचं काय झालं?”

मला उत्तर देता आलं नाही. हा सिनेमा मी सहा-सात वेळा तरी पाहिला असेल. पहिल्यांदा २०१३ मध्ये, कॉलेजात असताना, मित्राच्या फोनवर. तेव्हापासून कितीतरी डायलॉग पाठ आहेत, पण हा प्रश्न मला एकदाही पडला नव्हता.

आम्ही शीव कोळीवाड्याचे. स्टेशनचं नाव आता गुरू तेग बहादूर नगर, आणि हार्बर लाइनवर सीएसएमटीकडे निघालं की पुढचंच स्टेशन वडाळा रोड. ११ जानेवारी १९८२ ला भरदुपारी वडाळ्याच्या आंबेडकर कॉलेजजवळ इसाक बागवान आणि राजा तांबट या पोलीस अधिकाऱ्यांनी मन्याला गोळ्या घातल्या. हॉस्पिटलच्या वाटेवरच तो गेला. मुंबई पोलिसांचं पहिलं एन्काउंटर म्हणून ही घटना ओळखली जाते. आमच्याकडची पोरं बाहेरच्या मित्रांना ती जागा आपल्या गावचं देऊळ दाखवावं तशी दाखवतात. गोष्ट एका वाक्याची असते: “आयटमला भेटायला आला आणि फसला.” मीही असंच सांगायचो. त्या वाक्यात मन्याला नाव आहे, पोलिसांना नावं आहेत, ‘आयटम’ला नाही.

संजय गुप्तांच्या सिनेमात तिला नाव आहे, विद्या. कंगना रनौतने ती भूमिका केली आहे. पण तिच्या वाट्याला काय येतं? प्रेम करणं, वाट बघणं, रडणं. आपली गोष्ट सांगायचा हक्क मात्र मन्याला मिळतो. गोळ्या लागलेला मन्या पोलिसांच्या गाडीत बसून आपलं आयुष्य सांगतो, अशी सिनेमाची रचनाच आहे. खऱ्या मन्याला मरताना मिळाली नसेल तेवढी सवड जॉन अब्राहमला मिळते. विद्याला कुणी विचारत नाही.

गुन्हेगार आणि त्याची प्रेयसी या गोष्टीचा साचा तसा जुना आहे, आणि जगभर तो ज्यांच्यावरून पडला ते म्हणजे बॉनी पार्कर आणि क्लाइड बॅरो. अमेरिकेतल्या महामंदीच्या काळातली, टेक्सासची ही जोडी. २३ मे १९३४ ला लुईझियानातल्या एका रस्त्यावर पोलिसांनी दबा धरून दोघांना मारलं, तेव्हा बॉनी २३ वर्षांची होती. १९६७ च्या सिनेमात फे डनवे आणि वॉरन बेटी इतके देखणे दिसतात की प्रेक्षक आधी त्यांच्या प्रेमात पडतो आणि मग त्यांचे खून मोजायला विसरतो.

खरी बॉनी वेगळी होती. डॅलसमध्ये वेट्रेसचं काम करायची, कविता लिहायची. सोळावं लागायच्या आधीच तिचं लग्न झालं होतं आणि मेली तेव्हाही बोटात त्याच नवऱ्याची अंगठी होती. जून १९३३ मध्ये त्यांची गाडी कोसळली आणि बॅटरीच्या अ‍ॅसिडने तिचा पाय हाडापर्यंत भाजला. त्यानंतर तिला धड चालता येत नव्हतं. ती लंगडत चालायची, नाहीतर क्लाइड तिला उचलून न्यायचा. १९६७ च्या सिनेमात हा पाय नाही, कारण हा पाय पोस्टरवर चालत नाही.

पोस्टरवर चालतो तो सिगारवाला फोटो. एप्रिल १९३३ मध्ये जॉप्लिन या गावात पोलिसांचा छापा पडला तेव्हा ही टोळी पळताना कॅमेऱ्याचा रोल मागे टाकून गेली. त्यात बॉनीने गंमत म्हणून तोंडात सिगार आणि हातात पिस्तूल घेऊन काढलेला फोटो होता. तो देशभर छापून आला आणि तीच तिची ओळख झाली. पुढे टोळीने पकडून नेलेल्या एका पोलीस अधिकाऱ्याला सोडताना तिने सांगून पाठवलं, लोकांना सांग, मी सिगार ओढत नाही. मरायला जेमतेम दीड महिना उरला होता आणि तिला आपल्या त्या फोटोतून बाहेर यायचं होतं. इन्स्टावरचा एक जुना फोटो आयुष्यभर पाठ सोडत नाही म्हणजे काय, हे आपल्या पिढीला समजावून सांगायला नको.

दोन्ही गोष्टी शेजारी ठेवल्या की मला धक्का बसतो तो साम्याचा. क्लाइडने तुरुंगातली मजुरी चुकवायला स्वतःच्या पायाची बोटं तोडून घेतली. मन्याने रत्नागिरीच्या तुरुंगात उपोषण केलं, हॉस्पिटलात पोहोचला आणि १४ नोव्हेंबर १९७९ ला तिथून पळाला. क्लाइड पॅरोलवर सुटल्यापासून मरेपर्यंत साधारण २७ महिने गेले, मन्या पळाल्यापासून मरेपर्यंत जेमतेम २६. एवढ्याशा काळावर दंतकथा उभ्या आहेत.

आणि दोन्हीकडे गरिबीचं कारण पुढे केलं जातं. मलाही ते सोयीचं वाटायचं. पण बॉनी-क्लाइडने बँकांपेक्षा जास्त लुटली ती छोटी दुकानं आणि पेट्रोल पंप, म्हणजे मंदीत स्वतःच कसेबसे तग धरून असलेले लोक. त्यांच्या टोळीने नऊ पोलीस मारले. त्यातला एक, एच. डी. मर्फी, त्याचं लग्न ठरलं होतं. त्याच्या अंत्यविधीला त्याची वाग्दत्त वधू लग्नाचा पोशाख घालून आली होती. १९६७ च्या सिनेमात तीही नाही.

आपल्याकडे तर तारखाच उत्तर देतात. मन्या मेल्यावर बरोबर सात दिवसांनी, १८ जानेवारी १९८२ ला, गिरणी संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले, लालबाग-परळची घरं मोडली. मन्याला खुनाची शिक्षा झाली होती १९६९ मध्ये. त्याच्या गुन्ह्यांचं ओझं संपाच्या भुकेवर टाकता येत नाही. त्या भुकेतही बहुतेक घरांनी भाजी विकली, खानावळी चालवल्या, पण बंदूक उचलली नाही. त्यांच्यावर शूटआउटचा सिनेमा निघणार नाही.

सिनेमाने मन्याचं नाव मात्र तसंच ठेवलं. बागवान बदलून बाघरान झाले, तांबटचे अंबट, दाऊद आणि त्याच्या भावाचंही नाव बदललं. मेलेला माणूस नोटीस पाठवत नाही. अमेरिकेत बॉनी-क्लाइडला मारणारा फ्रँक हेमर १९६७ च्या सिनेमात बावळट दाखवला, तेव्हा त्याची विधवा आणि मुलगा कोर्टात गेले आणि १९७१ मध्ये कंपनीला तडजोड करावी लागली. म्हणजे गोष्ट कुणाची किती वाकवायची, हे कुणाच्या मागे कोण उभं आहे यावर ठरतं. ‘आयटम’च्या मागे कुणीच उभं नव्हतं.

तिचं खरं नाव म्हणून जे सांगितलं जातं ते नेटवर दोन मिनिटांत सापडतं. मी ते इथे लिहीत नाही. तिने मुलाखत मागितली नव्हती, गोष्टही विकली नव्हती. बॉनीने निदान निरोप पाठवला होता, कविता मागे ठेवल्या होत्या. तिला क्लाइडशेजारी पुरायचं होतं, पण तिच्या आईने ठाम नकार दिला. आजही दोघांच्या कबरी डॅलसमध्ये वेगवेगळ्या ठिकाणी आहेत. जगाने केलेली जोडी एका आईने मोडली, आणि मला वाटतं, त्या पोरीला परत घरी आणायचा तिच्याकडे तेवढाच एक मार्ग उरला होता.

माझ्या आईचा प्रश्नही तिथूनच आला असावा. १९८२ मध्ये ती शाळेत होती, याच भागात. मी तिला म्हटलं, “माहीत नाही गं. सिनेमात नाही दाखवलं.”

“मग काय दाखवलं तीन तास?” असं म्हणून तिने वालाचं ताट उचललं आणि आत गेली. सिनेमा तीन तासांचा नाही, पण मी वाद घातला नाही. आता बाहेरून कुणी मित्र आला आणि त्याने ती जागा विचारली, तर मी दाखवतो. फक्त ते एक वाक्य सांगत नाही.