उंबरखिंडीतील शरणागती : ‘शिवभारता’तील सेनापतिधर्माचा विचार

कवींद्र परमानंदाचे ‘शिवभारत’ हे संस्कृत काव्य सदाशिव महादेव दिवेकर यांनी मराठी भाषांतरासह १९२७ मध्ये प्रसिद्ध केले. तेव्हापासून त्याचा उपयोग मुख्यत्वे इतिहासाचे साधन म्हणून झाला. तिथी, घाटवाटा, सरदारांची नावे यांसाठी ते चाळले गेले. त्यातील भाषणे मात्र काव्यालंकार म्हणून बाजूला पडली. फेब्रुवारी १६६१ मधील उंबरखिंडीच्या प्रसंगापुरते तरी हे वाचन अपुरे ठरते. गनिमी काव्याचा उत्तम नमुना म्हणून या लढाईची ख्याती आहे व ती रास्तही आहे. परंतु कवीने या प्रसंगाचा भार शस्त्रांवर न ठेवता तीन बोलण्यांवर ठेवला आहे.

घटना थोडक्यात अशी. पुण्यास तळ देऊन बसलेल्या शाएस्ताखानाने कोकणचा मुलूख घेण्यासाठी कारतलबखानास रवाना केले. खान लोणावळ्याच्या दक्षिणेकडील कुरवंड्याच्या बाजूने घाट उतरला. आजच्या खालापूर तालुक्यातील चावणी गावाजवळ, अंबा नदीच्या खोऱ्यात, दाट अरण्यातील अरुंद वाटेवर तो पोहोचेपर्यंत शिवाजी महाराजांनी त्याला अडविले नाही. नंतर पुढची व मागची अशा दोन्ही वाटा रोखल्या गेल्या. वारा नाही, पाणी नाही, आणि शत्रू दिसतही नाही, अशी त्या सैन्याची अवस्था कवीने वर्णिली आहे.

पहिले बोलणे रायबागनचे. माहूरच्या देशमुख घराण्यातील ही स्त्री मोगली सैन्यात सरदार होती. तिचा सल्ला विचारला जातो, तेव्हा ती आधी दोष सांगते व मग उपाय. सिंहाच्या रानात शिरणे हीच चूक झाली, हे ती सेनापतीला तोंडावर सांगते; त्याला येथे लोटणाऱ्या शाएस्ताखानालाही वगळत नाही. यश संभवत असेल तरच पराक्रमाला अर्थ, एरवी ते हसे करून घेणारे धाडस होय, असा तिच्या म्हणण्याचा आशय आहे. संस्कृतातील ‘साहस’ या शब्दाला अविचाराची व बळजोरीची जी छटा आहे, ती मराठीत इतकी पुसट झाली की त्यासाठी ‘दुःसाहस’ असा वेगळा शब्द वापरावा लागतो. रायबागनचा युक्तिवाद जुन्या अर्थाच्या बाजूचा आहे. (‘कारतलब’ म्हणजे फार्सीत कामगिरीची मागणी करणारा, नावाचा हा योगायोग येथे बोचतो.)

दुसरे बोलणे कारतलबखानाचे, वकिलामार्फत. आपण शाएस्ताखानाच्या आज्ञेवरून या अपरिचित प्रदेशात आलो, शहाजीराजांचा आपल्यावर स्नेह होता, जवळचे सर्व देतो, अभय द्यावे, असा निरोप जातो. यात पश्चात्ताप किती व सोय किती, हा प्रश्न रास्त आहे. आज्ञेचे निमित्त पुढे करून चुकीचा वाटा वरिष्ठाच्या पदरी टाकणे हे सेनापतीस शोभणारे नव्हे. तथापि आपली अप्रतिष्ठा पत्करून त्याने सैन्याचे प्राण वाचविले, हेही तितकेच खरे. स्टालिनग्राड येथे जानेवारी १९४३ मध्ये पाउलुसने रशियनांनी देऊ केलेली शरणागती हिटलरच्या आज्ञेला धरून नाकारली. महिनाअखेर तो स्वतः शरण गेला, त्या वेळी सुमारे ९० हजार सैनिक कैद झाले व त्यांतील जेमतेम पाच-सहा हजार मायदेशी परतले. मधल्या तीन आठवड्यांत भुकेने व थंडीने मेलेल्यांचा हिशेब कोणत्या आज्ञेखाली मांडावा? त्या तुलनेत उझबेक सरदाराचा लाचार निरोप कमी अशोभनीय वाटू लागतो.

तिसरे बोलणे विजेत्याचे, आणि ते सर्वांत लहान. सैन्य घेऊन निघून जावे, अभय दिले आहे, एवढेच. हे अभय फुकटचे नव्हते. खंडणी व सामानसुमान मागे राहिले. म्हणून त्यास निव्वळ औदार्य म्हणता येत नाही. परंतु कोंडलेल्या सैन्याची कत्तल करणे हातात असताना ती न करणे, आणि शब्द दिल्यावर तो पाळणे, यांत सत्तेचा जो संयम दिसतो तो खंडणीने उणा होत नाही. शत्रूला पाणी नाकारून जिंकलेली लढाई अभय देऊन थांबविली गेली, हा ताण कवीने पुरता ओळखला आहे असे मात्र म्हणवत नाही. तो आश्रित कवी होता. शत्रूच्या तोंडून आलेली याचना त्याच्या नायकाची कीर्तीच वाढविते. त्यामुळे ही भाषणे शब्दशः घडली असे मानण्याचे कारण नाही. सतराव्या शतकातील एका विद्वानाला सेनापतीकडून काय अपेक्षित होते, याचा पुरावा म्हणून ती वाचावीत.

याच दृष्टीने एक उणीव खटकते. काशीच्या पंडितांना सांगितलेल्या या कथेत तहानलेला शिपाई एकदाही बोलत नाही. त्याची तहान वकिलाच्या निरोपात येते, रायबागनच्या युक्तिवादात येते. त्याच्या स्वतःच्या तोंडी येत नाही. शरणागतीनंतर तो घाट चढून परत गेला असणार, पण काव्याचा ओघ तोपर्यंत दक्षिण कोकणच्या मोहिमेकडे वळलेला असतो.