चौथ्या गटातील स्त्रिया
(एका वैद्यकीय प्रबंधाचे परीक्षण)

ईश्वरविज्ञानाला वाहिलेल्या पत्रिकेत वैद्यकीय प्रबंधाचे परीक्षण कशासाठी, असा प्रश्न काही वाचकांच्या मनात येईल. माणसाच्या शरीरावर संशोधन होत असताना त्या माणसास काय मानले जाते, हा प्रश्न केवळ वैद्यांचा नाही. तो मानवी प्रतिष्ठेचा आहे. शिवाय हे संशोधन आपल्या शेजारीच झाले आहे. नौबादहून पश्चिमेस निघून बसवकल्याण मागे टाकले की उमरगा तालुका लागतो. तो उस्मानाबाद जिल्ह्यातला. या जिल्ह्याचे नाव २०२३ पासून धाराशिव आहे. १९५६ पर्यंत बिदर, गुलबर्गा व उस्मानाबाद हे जिल्हे एकाच हैदराबाद राज्यात होते, आणि सोयरीक व अवर्षण ही आजही सामाईकच आहेत. तेव्हा तेथील स्त्रियांविषयी जे सिद्ध झाले, ते आपल्या धर्मग्रामांतील स्त्रियांनाही लागू आहे.

हा प्रबंध एप्रिल २००९ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. डॉ. शंकरनारायणन व त्यांचे सहकारी हे त्याचे लेखक असून, बार्शीचे नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालय आणि मुंबईचे टाटा स्मारक केंद्र यांचा या कार्यात प्रमुख सहभाग होता. विषय होता गर्भाशयमुखाचा कर्करोग. हा रोग अचानक उद्भवत नाही. ह्यूमन पॅपिलोमा विषाणूचा संसर्ग शरीरात टिकून राहिला, तर बहुधा अनेक वर्षांनी त्यातून कर्करोग होतो. मधल्या काळात बदललेल्या पेशी ओळखता आल्या, तर साध्या उपचाराने तो टळतो. म्हणून १९९९ पासून या जिल्ह्यातील ३० ते ५९ वर्षे वयाच्या १,३१,७४६ निरोगी स्त्रियांची, त्यांच्या गावांच्या ५२ समूहांनुसार, चार गटांत विभागणी करण्यात आली. कोणता समूह कोणत्या गटात जावा हे दैवगतीवर सोपविलेले होते. पहिल्या गटात विषाणूचा शोध घेतला, दुसऱ्यात पेशींची तपासणी केली, तिसऱ्यात सौम्य अ‍ॅसिटिक आम्ल लावून नुसत्या डोळ्यांनी पाहणी केली. चौथ्या गटातील ३१,४८८ स्त्रियांच्या वाट्यास प्रबंधाच्या भाषेत ‘नेहमीची सेवा’ आली.

प्रथम या कार्याचे श्रेय मान्य केले पाहिजे. विषाणूचा शोध घेतलेल्या ३४,१२६ स्त्रियांपैकी ३४ जणी या कर्करोगाने दगावल्या. चौथ्या गटात ६४ दगावल्या. आयुष्यात एकदाच केलेल्या तपासणीने मृत्यूचे प्रमाण जवळजवळ निम्म्यावर आले. उलट, अन्य दोन पद्धतींनी मृत्यूंत नजरेत भरेल अशी घट दिसली नाही. दुष्काळी मुलुखातील खेडोपाडी इतक्या स्त्रियांपर्यंत पोहोचणे व वर्षानुवर्षे त्यांची नोंद ठेवणे हे थोर परिश्रमाचे काम होय. जगातील आरोग्यधोरणावर त्याचा प्रभाव पडला, आणि २०२१ साली जागतिक आरोग्य संघटनेने विषाणूच्या शोधाचीच पद्धत प्रथम पसंतीची म्हणून सुचविली.

आमचा आक्षेप आहे तो ‘नेहमीची सेवा’ या दोन शब्दांना. या शब्दांखाली तपासणीची कोणतीही व्यवस्था नव्हती. जी मागेल तिने रुग्णालय गाठावे, एवढाच त्याचा व्यवहारातला अर्थ. डॉ. एरिक सुबा यांनी ‘इंडियन जर्नल ऑफ मेडिकल एथिक्स’मध्ये २०१४ साली या व अशाच अन्य भारतीय प्रयोगांवर टीका केली, संशोधकांनी तिला उत्तरही दिले. कोणती पद्धत येथे उपयोगी पडेल हे ठाऊक नव्हते, आणि तपासणी तर या भागात नव्हतीच, म्हणून कोणाकडून काही काढून घेतले गेले नाही, असा बचावाचा आशय आहे. या युक्तिवादाचा पहिला भाग वजनदार आहे: तीनपैकी दोन पद्धती अपेक्षेस उतरल्या नाहीत, हे अगोदर कोणास सांगता आले असते? परंतु दुसरा भाग आम्हांस मान्य होत नाही. जे मिळत नव्हते त्यालाच मापदंड ठरविले, तर दारिद्र्य हेच प्रमाण होऊन बसते. श्रीमंत देशांत पेशींची तपासणी कित्येक दशके रूढ असताना ‘काहीच नाही’ हा गट उस्मानाबादेत निर्माण करता आला, तो तेथील स्त्रिया गरीब होत्या म्हणूनच.

परमगुरू बारावे पायस यांनी १४ सप्टेंबर १९५२ रोजी वैद्यकीय संशोधनाच्या नैतिक मर्यादांविषयी भाषण केले. व्यक्ती ही समाजाचा, देहाच्या अवयवासारखा, अंकित भाग नाही. म्हणून समाजाच्या हितासाठीसुद्धा तिला केवळ साधन करता येत नाही, असा त्याचा गाभा होता. आणि २००० साली सुधारलेल्या हेलसिंकी घोषणेत जागतिक वैद्यक संघटनेने म्हटले की, संशोधन संपल्यावर त्यातून सिद्ध झालेला उत्तम उपाय त्यात सहभागी झालेल्या प्रत्येक रुग्णास मिळण्याची हमी असली पाहिजे. या दोन्ही वचनांच्या प्रकाशात पाहता चौथ्या गटातील स्त्रियांनी जगाला काही दिले आहे. त्यांच्या मृत्यूंवाचून ‘निम्मे’ हा शब्द लिहिताच आला नसता. म्हणून जग त्यांचे ऋणी आहे.

हे ऋण फिटले काय? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९–२१ च्या पाचव्या फेरीत, ३० ते ४९ वयाच्या भारतीय स्त्रियांपैकी ही तपासणी कधीतरी झालेल्या स्त्रिया केवळ १.९ टक्के आढळल्या. प्रबंध प्रसिद्ध होऊन दहा वर्षे उलटल्यानंतरचा हा आकडा आहे. म्हणजे देशातील बहुसंख्य स्त्रिया अजून चौथ्या गटातच होत्या.

मार्काच्या शुभवर्तमानातील, बारा वर्षे रक्तस्रावाने पीडित असलेली स्त्री येथे आठवते. अनेक वैद्यांच्या हातून तिने सोसले होते आणि जवळचे सर्व खर्चूनही तिला गुण आला नव्हता. प्रभूने तिला गर्दीत हरवू दिले नाही. तो थांबला, तिला शोधले, तिचे म्हणणे सर्वांसमक्ष ऐकले आणि तिला कन्या म्हणून संबोधले. संख्याशास्त्राला गर्दी लागते आणि तिच्यावाचून सत्य कळत नाही, हे खरे. परंतु ज्या गर्दीतून सत्य घेतले, तिच्यातील एकेका स्त्रीकडे परत वळणे हा त्या सत्याचाच भाग आहे.

धर्मगुरू व धर्मशिक्षक यांना यातून तीन कर्तव्ये प्राप्त होतात. पहिले, हा विषाणू शरीरसंबंधातून पसरतो, एवढ्यावरून रोगी स्त्रीच्या शीलाविषयी शंका घेणे हे अज्ञान व अन्याय दोन्ही होय. एकनिष्ठ पत्नीलाही तो पतीपासून होऊ शकतो. व्यासपीठावरून हे स्पष्ट सांगितले पाहिजे. दुसरे, तीस ओलांडलेल्या स्त्रीने तपासणीस जावे म्हणून तिच्या पतीला व सासूला समजावणे. बहुतेक घरांत अडथळा लाजेचा व परवानगीचाच असतो. तिसरे, उद्या आपल्या गावी कोणी संशोधक आला, तर त्याचा आदराने सत्कार करून विचारावे: कोणत्या गटाला काय मिळणार, ते त्या स्त्रियांना त्यांच्या भाषेत सांगितले आहे काय, आणि काम संपल्यावर सिद्ध झालेला उपाय येथेच राहील काय? हे प्रश्न विचारल्याने विज्ञानाचा अवमान होत नाही. ज्यांच्या देहांवर ते उभे राहते त्यांचा मान मात्र राखला जातो.