फाटलेले पान आणि जुळलेल्या ओळी

शास्त्रीय ग्रंथाचा विचार वाङ्मयीन नियतकालिकात कशास हवा, असा प्रश्न काही वाचकांना पडेल. परंतु ग्रंथातील पुरावा कोणता आणि अनुमान कोणते, याचा निवाडा करणे हे जर टीकेचे काम असेल, तर आल्फ्रेड वेगेनर यांच्या ‘भूखंडे व महासागर यांचा उद्भव’ या १९१५ सालच्या जर्मन ग्रंथाइतका उद्बोधक ग्रंथ आम्हांस दुसरा आठवत नाही.

दक्षिण अमेरिकेचा पूर्व किनारा आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्याशी जुळतो, हे नकाशा पाहणाऱ्या अनेकांना पूर्वीच जाणवले होते. पेशाने हवामानशास्त्रज्ञ असलेले वेगेनर तेवढ्यावर थांबले नाहीत. फाटलेल्या वर्तमानपत्राचे तुकडे कडेला कड लावून जुळवावेत आणि मग छापील ओळी अखंड पुढे जातात की नाही हे पाहावे, असा दृष्टान्त त्यांनी दिला. ओळी खरोखरच जुळत होत्या. दोन्ही तीरांवरील खडकांचे थर, प्राचीन हिमनद्यांच्या खुणा, ग्लॉसोप्टेरिस या लुप्त वनस्पतीचे जीवाश्म, सारे एकाच पानावरचे. हेच जीवाश्म आपल्याकडील गोंडवन खडकांत सापडतात; चंद्रपूरचा कोळसा याच खडकांतला. म्हणूनच त्या प्राचीन दक्षिण भूमीला एडुआर्ट झ्यूस यांनी वेगेनरपूर्वीच गोंडांच्या प्रदेशाचे नाव दिले होते. येथे दृष्टान्त हा अलंकार नव्हे. तो युक्तिवादाचा कणाच आहे.

ग्रंथाचा दोष निराळ्या जागी आहे. भूखंडे सरकली हे दाखविल्यावर ती कशाने सरकली हेही सांगण्याचा मोह वेगेनरांना आवरला नाही. पृथ्वीच्या भ्रमणातून व भरती-ओहोटीतून त्यांनी काढलेली बले फारच दुबळी आहेत, हे हॅरल्ड जेफ्रीझ यांनी दाखवून दिले. ग्रीनलंडचा वेगही वेगेनरांनी वर्षाला कित्येक मीटर धरला. तो प्रत्यक्षात काही सेंटिमीटरच आहे. हे आक्षेप रास्तच होते. परंतु कारण चुकले म्हणून टीकाकारांनी पुरावाही बाजूस सारला, हा मात्र अन्याय होता. नोव्हेंबर १९३० मध्ये ग्रीनलंडच्या बर्फातच वेगेनरांना मृत्यू आला, तोवर त्याचे परिमार्जन झाले नव्हते.

ते समुद्रतळाने केले. महासागरांच्या मध्यावरील कटकांपाशी नवे कवच निर्माण होते आणि खोल गर्तांमध्ये जुने कवच पुन्हा पृथ्वीच्या पोटात जाते, असा विचार हॅरी हेस यांनी १९६२ साली मांडला. पुढच्याच वर्षी व्हाइन व मॅथ्यूज यांनी तळाच्या खडकांतील चुंबकीय पट्ट्यांचा अर्थ लावून त्यास आधार दिला. भूखंडे समुद्रतळ चिरीत जात नाहीत. भूखंड व तळ मिळून झालेला अवघा भूपट्टच सरकतो. गर्तेत बुडणारा थंड, जड भाग त्यास ओढतो, हे त्या गतीचे एक मुख्य कारण होय. असाच एक भूपट्ट भारताला उत्तरेकडे घेऊन गेला. सुमारे पाच कोटी वर्षांपूर्वी तो आशियाशी भिडला, आणि त्या दाबाने हिमालय आजही उंचावत आहे.

वेगेनरांनी ओळी बरोबर वाचल्या. पान कोणी फाडले हे मात्र त्यांना कळले नाही. पहिल्या गोष्टीचे श्रेय दुसरीमुळे हिरावून घेऊ नये, एवढाच आमचा अभिप्राय आहे. काव्याच्या परीक्षणातही हा विवेक आपण नेहमी पाळतो, असे म्हणण्याचे धैर्य आम्हांस होत नाही.