चंपू : एका शब्दाचा सैल वापर

चार परिच्छेदांमागे दोन कविता छापल्या की समीक्षक मंडळी हल्ली त्या पुस्तकावर 'चंपू' असा शिक्का मारून मोकळी होतात. आम्हांस हे मान्य नाही.

याचा थोडा दोष दंडीकडे जातो. गद्यपद्यमय रचना म्हणजे चंपू, एवढेच 'काव्यादर्शा'त सांगून तो थांबला. मिश्रण कसे असावे, याविषयी मौन! अकराव्या शतकातील भोजाने मात्र 'चंपूरामायणा'च्या आरंभी गद्याची जोड लाभलेल्या पद्याला वाद्याच्या साथीने गायिलेल्या गीताची उपमा दिली. साथ म्हटली की सूर जुळणे आलेच.

अलंकारशास्त्रात अलंकारांच्या मिश्रणासाठी दोन शब्द आहेत. तीळ व तांदूळ मिसळावे तशी 'संसृष्टी', दूध व पाणी मिसळावे तसा 'संकर'. हाच भेद ग्रंथांनाही लावावा, असे आम्ही म्हणतो. राष्ट्रकूट राजा तिसरा इंद्र याच्या काळातील (इ. स. ९१५च्या सुमाराचा) त्रिविक्रमभट्टाचा 'नलचंपू' पाहावा. सात उच्छ्वासांनंतर तो अपुराच राहिला. पण त्यातील गद्य श्लोकांना जोडणारी नुसती दोरी नव्हे, श्लेषाने तेही पद्याइतकेच घडविलेले आहे.

आजच्या अशा पुस्तकांतील कविता गाळून पाहाव्यात. गद्याला काहीच इजा होत नसेल, तर ते तीळ-तांदूळच. त्यास 'गद्यपद्यसंग्रह' म्हणण्यात कमीपणा कसला? उलट 'चंपू' हे बिरुद फुकट मिळाल्याने होतकरू लेखक दुसरा खर्डा लिहिण्याचे कष्टच घेत नाही.