मॅटलॅबमधील प्रतिमा-वाचन व प्रतिमा-लेखन : एक चिकित्सा

प्रतिमा-संस्करणाच्या अध्यापनात मॅटलॅबमधील ‘इमरीड’ व ‘इमराइट’ या आज्ञा केवळ पूर्वतयारीच्या मानल्या जातात. प्रात्यक्षिकाची पहिली आणि शेवटची ओळ एवढेच त्यांचे स्थान असते. वस्तुतः प्रतिमेवरून केलेल्या मापनाची विश्वासार्हता याच दोन ओळींवर अवलंबून असते, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

‘इमरीड’मुळे सामान्य रंगीत छायाचित्राचे रूपांतर तीन स्तरांच्या संख्यासंचात होते. त्यातील संख्या बहुधा ० ते २५५ या मर्यादेतील ८-बिट पूर्णांक असतात. दोन प्रतिमांची सरासरी काढताना एका बिंदूचे मूल्य २०० व दुसऱ्याचे १०० असल्यास १५० हे उत्तर अपेक्षित आहे. परंतु मॅटलॅब बेरीज २५५ वर रोखते आणि तिचे निम्मे १२८ देते. पायथनच्या नमपायमध्ये ८-बिट संचांची हीच बेरीज ४४ होते व सरासरी २२ येते. दोन्ही ठिकाणी आज्ञावली न थांबता पुढे जाते.

लेखनाची बाजूही तितकीच निसरडी आहे. ‘डबल’ प्रकारच्या संख्या ० ते १ या कक्षेत आहेत असे ‘इमराइट’ गृहीत धरते. त्यामुळे ० ते २५५ कक्षेतील राखाडी प्रतिमा तशीच लिहिल्यास ती जवळजवळ पांढरी होते. हा दोष निदान डोळ्यांना दिसतो. जेपेग स्वरूपाचा दोष मात्र दिसत नाही. गुणवत्ता न सांगितल्यास ती ७५ धरली जाते आणि ८×८ बिंदूंच्या चौकटींत माहितीचा काही अंश कायमचा गळतो. पेशींचे क्षेत्रफळ किंवा पानावरील डाग मोजणाऱ्या संशोधकाला त्या कडाच महत्त्वाच्या असतात.

या रचनेमागे कारणे आहेत, हे मान्य केले पाहिजे. ‘डबल’ संख्येला आठपट स्मृती लागते, आणि २५५ वर रोखलेली बेरीज पडद्यावर पाहण्यास सोयीची असते. शिवाय हे नियम मार्गदर्शिकेत नमूद आहेत. तथापि पाहण्याची सोय आणि मोजण्याची अचूकता या भिन्न गरजा आहेत. त्यांतील भेद अध्यापनात स्पष्ट होत नाही, हा खरा आक्षेप आहे.

म्हणून गणनेपूर्वी ‘इमटूडबल’चा वापर, मध्यवर्ती निष्कर्षांसाठी पीएनजीसारखे हानिरहित स्वरूप आणि शोधनिबंधात संख्याप्रकार व फाइल-स्वरूपाचा उल्लेख, या तीन बाबी अनिवार्य मानाव्यात. त्यांच्या अभावी निष्कर्षांची फेरतपासणी अशक्य ठरते.